थोडा करंट येतेच

तिवसा, मोझरी, कुऱ्हा, वरखेड, जिथे जिथे आपला रेडिओ ऐकू येतो तिथल्या गटांतल्या सगळ्या ताई, काकू, मावश्यांना नमस्कार. स्वयंपाक आटोपला असेल तर पंख्याखाली बसा, नसेल आटोपला तर भाकरी थापता थापता ऐका. आज बचत, हप्ता, व्याज यातलं काही नाही. शेवटी थोडं येईल, कारण पैशाशिवाय काहीच पुढे सरकत नाही. पण आज बोलायचं आहे विजेबद्दल.

मी बीए झालेली बाई. विज्ञान माझं दहावीतच सुटलं. तेव्हा "ही कोण आली करंट शिकवणारी" असं कोणाच्या मनात आलं तर मला राग नाही. मलाही हे शिकावं लागलं ते एका कूलरमुळे.

एप्रिलचा महिना होता, दुपारचे तीन वाजले असतील. गटाची बैठक एका काकूंच्या घरी होती. बाहेर ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. खिडकीत पत्र्याचा कूलर घरघर करत होता आणि आम्ही सगळ्या त्याच्या तोंडाशी दाटीवाटीनं बसलो होतो. मधेच काकू उठल्या, कोपऱ्यातली रबरी चप्पल पायात घातली, बादली उचलली आणि चालू कूलरमध्ये पाणी ओतायला लागल्या. मला नवल वाटलं. काकूंच्या घरात उंबऱ्याच्या आत चप्पल चालत नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "थोडा थोडा करंट येतेच त्याले. चप्पल घातली का मंग नायी लागत."

आणि बैठकीतल्या तीन-चार जणींनी माना डोलावल्या. "आमचाबी तसाच हाये." एक जण हसून म्हणाली, "आमच्या कूलरले पोट्टे हात लावून पाह्यतात, झिनझिन्या आल्या का पळतात."

मैत्रिणींनो, विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात. पेपरात चार ओळींची बातमी येते. कधी पाणी भरणारी बाई असते, कधी ओल्या अंगानं कूलरपुढे उभं राहिलेलं लेकरू. महावितरण दर उन्हाळ्यात सांगते, पाणी भरताना कूलर बंद करा, प्लग काढा, तीन पिनचा प्लग वापरा. आपण ऐकतो आणि सोडून देतो. मला वाटतं, "करा" म्हणून सांगितलेली गोष्ट बाई विसरते, पण "का" कळलं की मग तिला सांगावं लागत नाही. म्हणून आज "का" बघू.

आमच्या ओळखीच्या एका वायरमन भाऊंना मी गाठलं. भला माणूस. त्यांनी मला आधी कूलरजवळ नेलंच नाही. तिवशाच्या दुकानातून चार वस्तू आणायला लावल्या. एक 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक लाल रंगाचा छोटा एलईडी, 470 ओहमचा एक रेझिस्टर आणि थोडी वायर. पुढच्या बैठकीत आम्ही सगळ्यांनी मिळून ते जोडलं. तुम्हीही जोडून बघू शकता, यात शॉक लागत नाही. फक्त हा खेळ बॅटरीवरच करायचा, घरातल्या बोर्डाजवळ याची वायर न्यायचीसुद्धा नाही. लेकरांना हे दोनदा सांगा.

जोडायचं असं. बॅटरीच्या अधिक टोकापासून वायर निघाली, ती रेझिस्टरला आली. रेझिस्टर म्हणजे शेंगदाण्याच्या दाण्याहून लहान, रंगीत पट्ट्यांचा एक मणी, दोन्ही बाजूंना तार असलेला. त्याच्यातून पुढे एलईडीच्या लांब पायाला. एलईडीच्या आखूड पायापासून वायर परत बॅटरीच्या उणे टोकाला. वर्तुळ पुरं झालं की लाल ठिपका पेटतो. कुठेही वायर सोडली की विझतो. इथे सोडा, तिथे सोडा, कुठेही. यालाच सर्किट म्हणतात. वीज निघते तिथे तिला परत यायचं असतं. परतीची वाट नसेल तर ती निघतच नाही. भिंतीवरचं बटण म्हणजे काय, तर ही वाट तोडायची आणि जोडायची जागा.

एकीनं एलईडी उलटा लावला, तर तो पेटला नाही. खराब निघाला म्हणून ती उठून दुकानात जायला निघाली होती. एलईडी हा डायोड आहे, म्हणजे एकाच बाजूनं उघडणारं दार. पंपाच्या पाइपात जसा व्हॉल्व्ह असतो, पाणी वर जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, तसा. मोबाइलच्या चार्जरमध्ये असेच डायोड असतात. घरातली वीज सेकंदाला 50 वेळा पुढेमागे हेलकावे खाते, मोबाइलच्या बॅटरीला मात्र एकाच दिशेची आणि थोडक्या व्होल्टची वीज लागते. ते काम चार्जर करतो. तुमचा एलईडी बल्ब जिथे स्क्रू होतो किंवा अडकतो, त्या जाड भागातही अशीच छोटी पाटी बसवलेली असते. बल्ब गेला म्हणतो तेव्हा पुष्कळदा आतला दिवा धड असतो, ती पाटी गेलेली असते.

मग आम्ही वायर मधेच तोडली आणि त्या दोन टोकांमध्ये हाती येईल ते लावून पाहिलं. स्टीलचा चमचा लावला, दिवा लागला. मंगळसूत्राची वाटी लावली, लागला. काचेची बांगडी, नाही. लाकडी लाटणं, नाही. प्लॅस्टिकची कंगवी, नाही. साध्या पाण्यात दोन टोकं बुडवली तर दिवा लागल्यासारखा न लागल्यासारखा. मग काकूंनी त्याच वाटीत चिमूटभर मीठ टाकलं आणि ढवळलं. दिवा चांगला पेटला. सगळ्या एकदम गप्प झाल्या. कारण घाम खारट असतो हे शेतात निंदायला जाणाऱ्या बाईला सांगायला नको.

आता थोडा हिशेब. घाबरू नका, आपल्या गटाच्या वहीपेक्षा सोपा आहे.

वीज ढकलणाऱ्या जोराला व्होल्ट म्हणतात. पाण्याची टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर, तसंच. प्रत्यक्ष वाहणाऱ्या विजेला करंट म्हणतात, तो अँपिअरमध्ये मोजतात. आणि वाटेत जो अडथळा असतो तो ओहममध्ये. बारीक पाइपातून पाणी कमी येतं ना, तसा. व्होल्टला ओहमनं भागलं की करंट मिळतो. जर्मनीच्या गेओर्ग ओहम नावाच्या शिक्षकानं 1827 साली हे मांडलं, म्हणून अडथळ्याला त्याचं नाव. पाण्याचं उदाहरण मात्र एका जागी फसतं. पाइप फुटला तर पाणी बाहेर सांडतं. वायर तुटली तर वीज अशी सांडत बसत नाही, परतीची वाट मिळेपर्यंत टोकाशी दबा धरून बसते. तुटून पडलेली तार शांत दिसते ती यामुळे.

अँपिअर हे मोठं माप आहे. त्याचा हजारावा हिस्सा म्हणजे मिलीअँपिअर. रुपयाचे जर हजार पैसे केले असते तर त्यातला एक, असं समजा. आपल्या त्या लाल एलईडीतून साधारण 15 मिलीअँपिअर करंट वाहतो. एवढा आकडा लक्षात ठेवा, 15.

चार्ल्स डाल्झिएल नावाचे अमेरिकेत एक प्राध्यापक होते. माणसाच्या अंगाला किती करंट सोसतो हे त्यांनी स्वतःहून पुढे आलेल्या माणसांवर, सगळी काळजी घेऊन, मोजलं. हातात तार धरायला द्यायची, करंट हळूहळू वाढवायचा आणि कोणत्या आकड्याला माणसाला मूठ उघडता येत नाही ते बघायचं. विजेनं हाताचे स्नायू आवळतात, मूठ बंद होते. "तार सोडलीच नायी त्यानं" असं आपण म्हणतो, खरं म्हणजे त्याला सोडता येत नसते. तो आकडा पुरुषांत सरासरी 16 मिलीअँपिअर निघाला. बायांत साडेदहा.

साडेदहा! तो लाल ठिपका पेटायला लागतो त्याहूनही कमी. मी हे बैठकीत सांगितलं तेव्हा एक मावशी म्हणाली, "म्हंजे इथंबी आपल्यालेच कमी." आम्ही हसलो, पण खोटं काय आहे? आणि कूलरमध्ये पाणी कोण भरतं, ओल्या हातानं मिक्सर कोण लावतं, टिल्लू पंप कोण चालू करतं, ओले कपडे तारेवर कोण वाळत घालतं? विजेच्या वस्तूंना दिवसभर हात आपले. आणि मीटरजवळच्या पेटीला हात लावायचा म्हटलं की, "तू नको जाऊ तिकडं, तुले नायी समजत."

बरं, मग त्या 9 व्होल्टच्या बॅटरीला दोन्ही बोटं लावली तर काही होत नाही, ते का? कारण कोरडी कातडी मोठा अडथळा आहे, हजारो ओहमचा. 9 व्होल्टचा जोर तिच्यातून मिलीअँपिअरचा छोटा तुकडाच ढकलू शकतो. घरात जोर 230 व्होल्टचा असतो. आणि कातडी ओली, घामेजलेली असली की अंगाचा अडथळा हजार-दीड हजार ओहमवर येतो. 230 ला 1000 नं भागा. येतात 230 मिलीअँपिअर. साडेदहाला मूठ उघडत नाही, आणि इथे 230. एवढा करंट छातीतून गेला तर हृदयाचा ठेका बिघडायला क्षण पुरतो.

आता काकूंचा "थोडा करंट" बघू. अंगाला झिणझिण्या जाणवतात त्या एक मिलीअँपिअरच्या आसपास. म्हणजे काकूंच्या अंगातून, चप्पल आणि कोरडी फरशी मिळून, एवढाच जात होता. करंट थोडा नव्हता मैत्रिणींनो, चप्पल कोरडी होती. पत्र्यावर जोर पुरा 230 व्होल्टचा बसलेला. ज्या दिवशी बादली हिंदकळून चप्पल भिजली असती, किंवा चप्पल न सापडल्यानं काकू अनवाणी उठल्या असत्या, त्या दिवशी तोच कूलर, तीच बाई, आणि भागाकार वेगळा.

इथे एक ताई फार चांगलं बोलली. म्हणाली, "तुम्ही म्हणता परतीची वाट पाहिजे. काकू तर एकाच ठिकाणी हात लावतात. मग वर्तुळ कुठं पुरं होते?" मला उत्तर आलं नाही. वायरमन भाऊ म्हणाले, चला, आणि आम्हाला गावाबाहेरच्या डीपीपाशी घेऊन गेले. लांबूनच बघायचं, जवळ जायचं नाही.

आपली वीज येते कुठून? कोळशाच्या केंद्रांतून येते, आपल्या नांदगावपेठला आहे, अकोल्याकडे पारसला आहे. कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेनं चक्र फिरतं आणि वीज तयार होते. ती उंच मनोऱ्यांवरून मोठ्या व्होल्टनं जाते, सबस्टेशनात व्होल्ट उतरवतात, गावाच्या डीपीपर्यंत 11 हजार व्होल्ट येतात आणि डीपी ते आणखी उतरवून घरात 230 देते. घरात येणाऱ्या तारा दोन, फेज आणि न्यूट्रल. फेज जोर घेऊन येते, न्यूट्रल परतीची वाट. आणि डीपीपाशी ही न्यूट्रल तार जमिनीत खोल गाडलेली असते. मी हे आधी कित्येकदा पाहिलं असेल, डीपीच्या खांबावरून एक पट्टी खाली जमिनीत जाते. तिचा अर्थ त्या दिवशी कळला. जमीनच परतीची वाट आहे. कूलरच्या पत्र्यातून हातात, हातातून छातीत, छातीतून पायात, पायातून जमिनीत, आणि जमिनीतून थेट डीपीला. वर्तुळ पुरं. काकू मधे उभ्या, बॅटरीच्या खेळातल्या चमच्यासारख्या.

एकाच तारेवर बसलेल्या कावळ्याला शॉक लागत नाही तो यामुळेच. त्याचा पाय जमिनीला नाही.

पत्र्यात वीज येते कशी, तेही सांगते. कूलरमध्ये पाणी वर चढवणारा छोटा पंप पाण्यातच बुडून असतो. वर्ष-दोन वर्षांत त्याच्या आतल्या तारेवरचं वेष्टन खराब होतं. किंवा वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली जाते. उंदीर कुरतडतो. आणि आपण आठ महिने कूलर कोठ्यात, कडब्याशेजारी ठेवतो, ताट्या बदलतो आणि मार्चमध्ये तसाच लावतो. ताट्या बदलायला पैसे निघतात, वायर बघायला निघत नाहीत.

यावर उपाय म्हणून प्लगला तिसरी पिन दिली आहे. ती बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड असते, कधी पाहिलं का? लांब यासाठी की प्लग लावताना ती आधी लागावी आणि काढताना शेवटी सुटावी. तिची हिरवी वायर कूलरच्या पत्र्याला जोडलेली असते आणि दुसरीकडे घराच्या अर्थिंगला, म्हणजे अंगणात गाडलेल्या पाइपाला किंवा पट्टीला. पत्र्यात वीज आली की तिला जमिनीत जायला ही सोपी वाट मिळते.

पण भाऊंनी आमच्या गटातल्या बायांची घरं तपासली तर निम्म्याहून जास्त घरांत तिसरं भोक नुसतं शोभेचं होतं. मागे वायरच नाही. कोणाकडे तीन पिनच्या प्लगची जाड पिन कापून दोन पिनच्या एक्स्टेंशनमध्ये घातलेली. एका घरी प्लगच नव्हता, वायरीची टोकं काडेपेटीच्या काड्यांनी खोचलेली. माझ्या स्वतःच्या घरी अर्थिंग होतं, खड्डाही होता, म्हणून मी जरा ऐटीत होते. भाऊंनी खड्डा उकरला. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते ना, तशी पाइपापासून सुटून बोटभर फट पडली होती. माती कोरडी ठणठणीत. म्हणजे कूलर लावायच्या दिवसांतच अर्थिंग सगळ्यात कच्चं. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात ते ओल धरून ठेवण्यासाठी, आणि मीठ विजेला वाट देतं हे आपण वाटीत पाहिलंच. तेव्हापासून उन्हाळ्यात मी आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी अर्थिंगच्या पाइपात ओतते. भांडी धुतलेलं चालतं.

"मंग आमच्या घरी ते खटका पडनारं बटन हाये ना," असं एक जण म्हणाली. तिला म्हणायचं होतं एमसीबी. जुन्या घरांत त्याच जागी फ्यूजची तार असते. इथे नीट ऐका, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. त्याच्यावर 16 लिहिलेलं असेल तर 16 अँपिअरच्या पुढे गेल्यावरच तो पडेल. 16 अँपिअर म्हणजे 16 हजार मिलीअँपिअर. काकूंच्या अंगातून 230 गेले तर त्याला पत्ताही लागत नाही. त्याच्या लेखी घरात चार-पाच एलईडी बल्ब लागले, एवढंच. अर्थिंग कच्चं असलं तरी तेच. खड्ड्याचा अडथळा 20 ओहम असेल तर 230 भागिले 20, साडेअकरा अँपिअर. एमसीबी जागचा हलत नाही आणि पत्रा तसाच तापल्या तव्यासारखा जिवंत राहतो.

माणसाला वाचवणारी वस्तू वेगळी. तिचं नाव आरसीसीबी. दुकानात काही जण ईएलसीबीही म्हणतात. दिसायला एमसीबीचीच मोठी बहीण, फक्त तिच्यावर एक छोटं बटण असतं, टेस्ट लिहिलेलं. घरासाठी 30 मिलीअँपिअरची मागायची. ती काय करते, हे आपल्या गटाला एका वाक्यात कळेल. ती कोषाध्यक्ष आहे. फेजमधून किती गेला आणि न्यूट्रलमधून किती परत आला, याचा ती सतत मेळ घालते. जितका गेला तितका आला, तर ठीक. 30 मिलीअँपिअरचा जरी फरक पडला, म्हणजे कुठेतरी तिसऱ्याच वाटेनं, बाईच्या अंगातून नाहीतर अर्थिंगमधून, करंट जातो आहे, की ती पेटी बंद करते. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत. किती वापरलं याच्याशी तिला देणंघेणं नाही, हिशेब जुळला पाहिजे. घरात अर्थिंग चांगलं असेल तर कूलरचा पत्रा बिघडल्या क्षणीच ती पडेल, कोणी हात लावायच्या आधी. अर्थिंग नसेल तर हात लागल्यावर पडेल, झटका बसेल, पण हात सुटेल.

एक गोष्ट तीही ओळखू शकत नाही. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरली आणि पाय जमिनीपासून सुटे असले, तर तिच्या लेखी तुम्ही एक बल्ब. गेला तेवढा आला. म्हणून ती बसवली तरी उघड्या वायरीशी खेळ नाही.

आता पैशाची गोष्ट. आरसीसीबीला दीड-दोन हजार लागतात, कंपनीप्रमाणे थोडं कमी-जास्त. अर्थिंगचा खड्डा, पाइप, वायरमनची मजुरी वेगळी. मी बैठकीत म्हटलं, ज्यांना पाहिजे त्यांना गटातून छोटं कर्ज देऊ. वाद झाला. आमच्यातल्या एका जुन्या मावशींचं म्हणणं, "गटाचा पैसा शेळीले द्या, शिलाई मशीनले द्या. त्याच्यातून चार पैसे येतात. हे डबडं काय कमावून देईन?" त्यांचं चुकत नव्हतं. गटाची शिस्त तीच आहे आणि ती मीच शिकवली आहे. मग हिशेब लिहिणारी ताई म्हणाली, "मावशी, दवाखान्याले कर्ज देतोच ना आपन. हे त्याच्या आंधीचं." त्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी ठरलं की अर्थिंग आणि आरसीसीबीला कर्ज द्यायचं, हप्ता लहान ठेवायचा आणि पाच जणींचं काम एकाच वेळी करून घ्यायचं म्हणजे वायरमन मजुरीत सूट देईल. त्यांनी दिली.

घरी पटवणं ज्याचं त्याला करावं लागलं. एकीच्या मालकांनी साफ नाही म्हटलं. तिनं भांडण केलं नाही. टेस्टर आणला आणि त्यांच्यासमोर कूलरच्या पत्र्याला लावला. टेस्टरमधला दिवा पेटला. टेस्टरच्या आत दहा लाख ओहमच्या आसपासचा रेझिस्टर असतो, म्हणून आपल्या अंगातून कळतही नाही इतका कमी करंट जातो आणि दिवा मात्र लागतो. ते पाहून मालक स्वतःच वायरमनकडे गेले. टेस्टर वापरायचा तर कोरड्या हातानं, कोरड्या जागी उभं राहून, दांडा धड आहे का बघून. आणि पेटला नाही म्हणून बिनधास्त व्हायचं नाही, टेस्टर खराबही असतो.

ज्यांना लगेच खर्च जमणार नाही त्यांनी काय करायचं? पाणी टाकताना नुसतं बटण बंद करू नका, प्लग ओढून काढा. याचं कारण सांगते. पुष्कळ घरांत बटण चुकून न्यूट्रलच्या तारेवर बसवलेलं असतं. बटण बंद केलं की पंखा थांबतो, आपल्याला वाटतं वीज गेली, पण फेज कूलरमध्ये येऊन बसलेलीच असते. प्लग निघाला की दोन्ही तारा सुटतात, प्रश्न मिटला. एक्स्टेंशनचा बोर्ड कूलरच्या खाली ओल्यात पडू देऊ नका. आणि झिणझिण्या आल्या की तो कूलर त्याच दिवशी बंद. एक रात्र गर्मीत काढू.

कपडे वाळवायच्या तारेचंही सांगायचं राहिलं. लोखंडी तार टिनाच्या खोलीला बांधलेली असते आणि त्याच टिनावरून मीटरची वायर घासत जाते. पावसाळ्यात ओला कपडा टाकायला गेलेली बाई तारेलाच चिकटते. तार काढा, नायलॉनची दोरी बांधा. याला कर्ज लागत नाही. आणि शेतात डुकरांसाठी कुंपणात थेट लाईन सोडणारे अजून आहेत. तो गुन्हा आहे, त्यात डुकरापेक्षा माणूस आधी सापडतो. सोलरचं कुंपण वेगळं. ते बॅटरीवर चालतं आणि क्षणभराचा ठोका देऊन थांबतं, दोन ठोक्यांमध्ये हात सोडवायला वेळ मिळतो. थेट लाईन वेळ देत नाही.

कोणी चिकटलंच तर धावत जाऊन हाताला धरून ओढायचं नाही, नाहीतर एकाच्या जागी दोन. आधी मेन बंद करा. म्हणून मेन कुठे आहे, कसं पडतं हे घरातल्या प्रत्येक बाईला, सुनेला, दहा वर्षांच्या पोरीलाही माहीत पाहिजे. मेन सापडत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडानं वायर दूर करा. हे घरातल्या विजेपुरतं. रस्त्यावरची तार तुटली असेल तर जवळही जायचं नाही, 1912 वर महावितरणला कळवायचं. माणूस सुटल्यावर श्वास नसेल तर 108 ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरात दाबत राहा, मिनिटाला 100 ते 120 वेळा. हे कसं करायचं ते आपल्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना गटात बोलावून एकदा हातानं करून घ्या. रेडिओवरून ऐकून ते जमत नाही.

काकूंकडे आता आरसीसीबी बसली आहे. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबून बघायचं असतं, ती पडली म्हणजे चांगली आहे. काकूंनी त्यासाठी गटाच्या बैठकीचा दिवस धरला आहे. आम्ही सगळ्या जमलो की त्या पेटीपाशी जातात, बटण दाबतात, खट् आवाज होतो, पंखा थांबतो आणि आतून काका ओरडतात, "लाईन गेली काय वं?" काकू म्हणतात, "गेली नायी, म्या पाडली."

पुढच्या मंगळवारी याच वेळेला घरघंटीचं बिल. एक हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे 746 वॅट, ती तासाला किती युनिट खाते आणि दळणाचा दर त्यावरून कसा काढायचा, ते बघू. आपल्या घरचं मागचं बिल आणि एक पेन घेऊन बसा. नमस्कार.